अंगावरचं दूध ते डब्याचं दूध: मार्च-एप्रिलच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

लेक साडेसहा महिन्यांची आहे. ती अंगावर नीट लागलीच नाही, म्हणून पहिल्या आठवड्यापासून पंपाने दूध काढून बाटलीने पाजते आहे. २६ आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू झालं तसं दूध कमी झालं. घरी असताना दिवसाला ७०० मिलीच्या आसपास निघायचं, आता ४५० ला येऊन थांबलंय. तिला लागतं साडेसहाशे-सातशे. फरक फ्रीझरमधल्या साठ्यातून भरून काढतेय आणि तो साठा उतरत चाललाय.

कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन जादा विश्रांती मिळतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच ती तरतूद आहे. आमच्याकडे त्या वेळेबद्दल कुणी कुरकुर करत नाही, पण जागा नाही. मी जुन्या फाइलींच्या खोलीत कडी लावून बसते. बाहेरून कुणी दार ढकललं की धार थांबते ती थांबतेच, मग पंप नुसता ओढत राहतो. ज्यांचं दूध ऑफिसला गेल्यावर "अचानक आटलं" त्यांनी आधी जागेचा विचार करावा. मेथी, शतावरी, अळिवाचे लाडू हे सगळं नंतर.

डॉक्टर म्हणाल्या, "जेवढं निघतंय तेवढं देत राहा, वर फॉर्म्युला द्या." मी मात्र दीड-दोन महिन्यांत पंप पूर्ण थांबवायचं ठरवलंय. रात्री दोनचा गजर, मग पंप, मग बाटल्या, तोवर ती उठते. मला झोप हवी आहे, आणि ती रडली की तिला लगेच उचलून घेता येईल असे माझे हात मोकळे हवे आहेत. हे लिहून ठेवते, कारण पुढे डगमगायला होणार.

सासूबाईंचं म्हणणं: "अगं, गाईचं दूध अर्धं पाणी घालून देऊ या की. आम्ही तेच दिलं." मी डॉक्टरांसमोरच विचारलं, म्हणजे उत्तर त्यांच्या कानावर थेट जावं. वर्ष होईपर्यंत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून नाही. त्यात लोह फार कमी असतं, बाळाच्या आतड्यांना ते सोसत नाही, आणि पाणी घातलं की ताकदही जाते. सासूबाईंनी ऐकलं. "मग डब्याचं तरी नीट बघून आणा," एवढंच म्हणाल्या.

५ मार्च

खरेदी. डॉक्टरांनी दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे सहा महिन्यांनंतरचा, साधा फॉर्म्युला लिहून दिला. कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे दुकानात उभं राहून ठरवायचा प्रयत्न केला तर काहीच कळत नाही. १९९२ च्या कायद्याने (२००३ मध्ये तो आणखी कडक झाला) या वस्तूंची जाहिरात, मोफत नमुने, डब्यावर बाळाचा फोटो, सगळ्याला बंदी आहे. ते चांगलंच आहे. महाग डबा म्हणजे चांगला डबा असं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मधला घेतला.

हिशेब आधीच मांडला. आमच्या डब्यातला चमचा साडेचार ग्रॅमचा, ३० मिली पाण्याला एक. दिवसाला ६०० मिली म्हणजे २० चमचे, ९० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा साडेचार दिवसही पुरत नाही. महिन्याला जवळजवळ सात डबे. डबा ७९० रुपयांना पडला, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांची सोय करून ठेवायला हवी. जी घरं गुपचूप चमचे कमी टाकून डबा पुरवतात त्यांची ओढाताण मला आज समजली. पण पातळ दुधाने बाळ उपाशी राहतं, त्यापेक्षा स्वस्त डबा घ्यावा.

सोबत आणलं: स्वयंपाकाचा थर्मामीटर, २५० मिलीचं खुणा असलेलं मापपात्र, रुंद तोंडाच्या दोन बाटल्या, लहान झाकणाच्या डब्या.

६ मार्च

नुसतं बनवून बघायचा दिवस, पाजायचा नाही. हे आधी केलं ते बरं झालं.

पावडर निर्जंतुक नसते. क्वचित तिच्यात असे जंतू असतात की ते लहान बाळाला फार आजारी पाडू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. डब्यावर मात्र कोमट पाणी लिहिलंय. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ७० म्हटलं, विषय संपला. लिटरभर पाणी खळखळून उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत ते ७० च्या वरच असतं. कमी पाणी घेतलं की पटकन निवतं, हे थर्मामीटरने पाहिलं. आरओचं पाणीसुद्धा उकळायचं, त्यात सूट नाही.

अडचण अशी की गरम पाण्यात पावडरच्या गुठळ्या होतात. बाटलीत थेट टाकून हलवलं तर गुठळ्या निपलच्या भोकात अडकतात आणि वर फेस येतो, तो पोटात गेला की गॅस. उपाय: आधी पाणी मोजून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, मग पावडर पृष्ठभागावर पसरून, उकळलेल्या चमच्याने कडेकडेने ढवळायचं. दोन मिनिटं थांबून बाटलीत ओतायचं. पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध दाट होतं. चमचा सपाट हवा, सुरीच्या पाठीने सारखा केलेला, दाबून भरलेला नाही.

८ मार्च, शनिवार

पहिली बाटली मुद्दाम सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर पुरळ, उलट्या, शीमध्ये रक्त असं काही दिसू शकतं, तेव्हा दवाखाना उघडा हवा.

नुसता फॉर्म्युला ६० मिली. तिने दोन घोट घेतले, जिभेने निपल बाहेर ढकलला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग रडली. जबरदस्ती केली नाही.

पुढच्या वेळी मिसळून. हे नीट समजून घ्या: फॉर्म्युला आधी डब्यावरच्या मापाने पाण्यात पूर्ण बनवायचा, मग तो आपल्या दुधात मिसळायचा. पावडर थेट अंगावरच्या दुधात टाकायची नाही. तसं केलं तर क्षार आणि प्रथिनं फार दाट होतात, बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. पाऊण भाग माझं, पाव भाग डब्याचं. तेही नाकारलं. अर्धी बाटली ओतून द्यावी लागली. तोंड लागलेलं दूध ठेवायचं नाही, आणि ओतलेल्यात पाऊण भाग माझं होतं. मोरीपाशी उभी राहून वाईट वाटलं. यापुढे एका वेळी ६० च बनवायचं, लागलं तर परत.

११ मार्च

तीन दिवस नकार. घरात सगळ्यांनी ठरवलं की तिला डब्याची चव आवडत नाही. कंपनी बदला, थोडी साखर घाला, भुकेली ठेवा, सगळे सल्ले झाले. सुदैवाने काहीच केलं नाही, कारण कारण वेगळंच निघालं.

आज दुपारी मिश्रणासाठी फ्रीझरमधली पिशवी न घेता सकाळी काढलेलं ताजं दूध वापरलं. तेच माप, तोच डबा. ती सगळं प्यायली.

मग मी फ्रीझरमधली वितळलेली पिशवी उघडून वास घेतला आणि चव पाहिली. ओल्या साबणाच्या वडीसारखा वास, चवीला जिभेवर धातू ठेवल्यासारखं. खराब झालेलं नव्हतं, आंबट नव्हतं. काही बायकांच्या दुधात लायपेज नावाचं विकर जास्त काम करतं, ते साठवलेल्या दुधातल्या स्निग्धांशाचे तुकडे करत राहतं आणि थंडीतही पूर्ण थांबत नाही. बाळाला त्याने अपाय होत नाही, पण चव बदलते. गेले काही आठवडे ती पाळणाघरात "कमी पिते" असं काकू म्हणत होत्या. तिथे जायचं ते फ्रीझरचंच.

खात्री करायला ताजं दूध एका स्टीलच्या वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. रात्री दहाला गोड. झोपताना किंचित वेगळं. सकाळी साबण.

उपाय आहे, पण साठवण्याआधी करायचा. दूध लहान पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं, कडेला बारीक बुडबुडे दिसले (साधारण ८२ अंश) की लगेच उतरवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि पातेलं थंड पाण्यात ठेवून निववायचं. विकर मरतं. थोडे चांगले घटकही जातात, म्हणून जे त्याच दिवशी प्यायलं जाणार ते तापवायची गरज नाही.

आधीचा साठा मात्र दुरुस्त होत नाही. तो नाचणीच्या सत्त्वात आणि भाताच्या पेजेत घालतेय, त्यात तिला कळत नाही. एकही पिशवी फेकायची नाही असं मी ठरवलंय.

तुमचं बाळ मिश्रण नाकारत असेल तर डबा बदलायच्या आधी आपलं साठवलेलं दूध चाखून पाहा. आमचा बहुतेक वेळ याच्यावर गेला.

१४ मार्च, धुळवड

ताज्या दुधात निम्मं-निम्मं, दुपारच्या एकाच वेळेला. पिते. रंग लागलेले हात बाटलीपासून लांब ठेवायला दाराशी साबण ठेवला.

या काळात नवीन पदार्थ बंद ठेवलेत. मुगाची मऊ खिचडी, नाचणी, शिजवलेलं सफरचंद, हे चालू होतं तेवढंच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही.

१९ मार्च

दोन वेळा अर्धं-अर्धं आणि एक वेळ पूर्ण डब्याचं झाल्यावर शी बदलली. आधी पिवळी, पातळ. आता गडद हिरवट, घट्ट आणि वासाची. हिरवा रंग फॉर्म्युल्यातल्या लोहामुळे, त्याची काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण काल ती कुंथत होती, चेहरा लाल, आणि खडे झाले. तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "दूध कोण कालवतं?"

दुपारचं पाळणाघरात काकू कालवतात. आज मी समोर उभं राहून पाहिलं. चमचा शीग लावून. "दाट असलं की पोट भरतं, ताई, झोपते छान," त्या प्रेमानेच म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली सात-आठ मुलं आहेत, तिथे सुरीने चमचा सपाट करत बसायची अपेक्षा मीच करायला नको.

म्हणून ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. सकाळी घरी ७० अंशांच्या पाण्यात दूध बनवते, बाटल्या नळाखाली आणि मग गार पाण्याच्या पातेल्यात पटकन निववते, फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवते (दारात नाही, तिथे गारवा टिकत नाही). निघताना बर्फाच्या पिशवीसह कूलर बॅगेत. पाळणाघर दहा मिनिटांवर, पोचल्याबरोबर त्यांच्या फ्रीजमध्ये. काकूंनी फक्त गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून कोमट करायची, पाव तासापेक्षा जास्त नाही, आणि उरलेलं ओतून द्यायचं. बनवल्यापासून २४ तासांत संपवायचं, पण आमचं संध्याकाळपर्यंतच संपतं. प्रत्येक बाटलीवर कागदी पट्टीने वेळ लिहिलेली.

घट्टपणावर डॉक्टरांनी एवढंच सांगितलं: जेवणासोबत उकळून गार केलेलं पाणी दोन-तीन घोट, आणि शिजवलेल्या पेअरचा गर. ग्राइप वॉटर, घुटी, मध यातलं काही नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

२३ मार्च

शी मऊ. शीग काढल्यावर बहुतेक प्रश्न सुटला. आता दिवसातल्या तीन वेळा डब्याच्या.

२४ मार्च

आता माझी बाजू. इथवर सगळं लक्ष तिच्या पोटावर होतं. पण बाळ चार दिवसांत पुढच्या पायरीवर जाऊ शकतं, तेवढ्या वेगाने छाती कमी दूध करायला शिकत नाही. ती बाटली सहज प्यायला लागली म्हणून त्याच वेगाने पंप कमी करायचा नाही. दोन वेळापत्रकं वेगळी ठेवायची.

दुपारचं ऑफिसमधलं पंपिंग आधी कमी करतेय. एकदम बंद नाही: २० मिनिटांवरून १५, मग १०, छाती हलकी झाली की थांबायचं, रिकामी करायची नाही. दूध काढत राहिलं की शरीर तेवढंच बनवत राहतं.

अळिवाची खीर, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू बंद. सासूबाईंनी उरलेले लाडू शेजारी पाठवले.

२८ मार्च

मार्चअखेर. हिशेब बंद करायच्या गडबडीत काल दुपारची आणि संध्याकाळची, दोन्ही वेळा राहिल्या. रात्री डाव्या बाजूला काखेजवळ लिंबाएवढी कडक गाठ, त्वचेवर लाल पट्टा, हुडहुडी आणि १०२ ताप.

घरच्यांचं ऐकून गरम शेक आणि जोरात चोळणं सुरू केलं होतं. त्याने जास्त सुजलं. सकाळी डॉक्टरकडे. आता सल्ला बदललाय, त्या म्हणाल्या: थंड शेक, सूज उतरवणारी गोळी, सैल कपडे, चोळायचं नाही, आणि "रिकामं व्हावं" म्हणून जास्त पंपही करायचा नाही, नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच काढायचं. अँटिबायोटिक दिलं, ते बाळाला चालणारं होतं, दूधही चालतं. कोर्स अर्ध्यावर सोडायचा नाही.

फ्रीजमधली कोबीची पानंही ठेवून पाहिली. गार वाटतं. गार ओला रुमालही तेवढंच काम करतो.

थांबवण्याचं काम इथे आठवडाभर मागे गेलं. बिल, औषधं आणि बुडालेली दोन दिवसांची रजा धरून खर्चही झाला. ज्यांच्या कामात अशी गडबडीची तारीख ठरलेली असते त्यांनी ती आधी कॅलेंडरवर बघावी आणि पंप कमी करणं तिच्यानंतर सुरू करावं.

३० मार्च, गुढीपाडवा

ताप गेला, गाठ निम्मी. घरात पाहुणे. साखरेची गाठी तिच्या तोंडाला लावायला दोघी-तिघी पुढे झाल्या, नवऱ्याने तिला सरळ गच्चीवर नेलं. एका मावशींनी विचारलं, "एवढ्यात दूध तोडलंस?" मी म्हटलं, "हो मावशी." पुढे काही बोलायची गरज वाटली नाही, पण आत जाऊन रडले. सात महिने दर तीन तासांनी केलेलं काम होतं ते.

७ एप्रिल

दुपारचं पंपिंग पूर्ण बंद. संध्याकाळचं १० मिनिटांवर. आता एक वेळ कमी केली की निदान पाच दिवस थांबते, छाती दुखली तर सात. दुखेपर्यंत भरू द्यायचं नाही, आणि अगदी भरलंच तर हाताने चार-पाच धारा काढायच्या, पंप लावायचा नाही.

रात्रीची बाटली कशी करायची यावर दोन आठवडे घोळ होता. उकळतं पाणी थर्मासमध्ये भरलं तर तीनलाही ते ७० च्या वर असतं, म्हणजे बनवायला ठीक. पण निववायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तोवर ती पूर्ण जागी होऊन रडते. आता झोपण्याआधी एक बाटली बनवून फ्रीजमध्ये ठेवतो, रात्री फक्त कोमट करायची. हे काम नवऱ्याने घेतलंय. मला सलग पाच तास झोप मिळाली. रजेपासून पहिल्यांदा.

मन मात्र उदास आहे, कारण नसताना. डॉक्टरांना सांगितलं. दूध थांबताना संप्रेरकं बदलतात आणि असं होऊ शकतं, दोन आठवड्यांत उतरलं नाही किंवा झोप-जेवण सुटलं तर लगेच या, असं त्या म्हणाल्या. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथे लिहितेय.

१६ एप्रिल

संध्याकाळचं बंद. आता फक्त सकाळचं एक. त्यातलं दूध तिला ताजंच, उठल्या उठल्या, ८० मिलीच्या आसपास. बाकी सगळं डब्याचं. वजन ७.८ किलो, डॉक्टर समाधानी.

एप्रिलच्या उकाड्यात एक बदल: बनवलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही हा नियम होता, आता मी एक तासच धरते. उघडलेला डबा ओट्यावरून काढून कोरड्या कपाटात. चमचा ओला झाला तर पुसून नाही, उकळून पूर्ण वाळवून मगच डब्यात.

२२ एप्रिल

सकाळचं पंपिंग पाच मिनिटांवर आणून थांबवलं. उदासपणा पुष्कळ कमी.

२७ एप्रिल, रविवार

छाती मऊ, गाठ नाही. अंघोळीला गरम पाणी लागलं की अजून थेंबभर दूध येतं. काही आठवडे येईल, दाबून बघू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फ्रीझरमधल्या शेवटच्या दोन पिशव्या या आठवड्यात नाचणीत संपतील.

पंप मैत्रिणीने मागितला होता. आमचा एकाच बाईने वापरायचा आहे, मोटरच्या आत दूध गेलं असेल तर ते धुता येत नाही, म्हणून दिला नाही. तिला दवाखान्यातून भाड्याने मिळतो तो सुचवला.

पुढचं काम बाटली सोडवण्याचं. डॉक्टर म्हणाल्या, आत्तापासून दिवसात एकदा वाटीने दूध द्यायला लागा, म्हणजे वर्षापर्यंत बाटली सुटेल. सासूबाईंनी माळ्यावरून जुनं चांदीचं बोंडलं काढून घासून ठेवलंय. उद्या दुपारी त्यात ३० मिली.